अनधिकृत व्यक्तीने उघडू नये

मोटार जळाली की ती कोणी फेकून देत नाही, भरायला टाकतात. जळून काळी ठिक्कर पडलेली तार उपसून काढायची आणि त्याच खाचांतून नवी तार वेढे मोजत भरत न्यायची, एवढंच ते काम. एवढंच म्हणायला काय जातं! वेढे कमी पडले तर मोटार तापते, जास्त झाले तर ओढत नाही, आणि मोजता मोजता कोणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून. चढावरच्या वसतीत हे काम मिस्त्रींच्या दुकानात होत असे. दुकान आठ फूट रुंद, दहा फूट लांब. बरोबर मध्यावर एक मळकट पडदा. पडद्यापुढे स्टुलावर मिस्त्री आणि पडद्यामागे मिस्त्रीणबाई.

गिऱ्हाईक आलं की मिस्त्री मोटार हातात घेऊन कानाशी हलवत, नाकाशी नेऊन वास घेत, भुवया वर चढवत आणि म्हणत, "ठेवून जा. बघतो मी." गिऱ्हाईक निश्चिंत होऊन जाई. मग मिस्त्री पायाने ती मोटार पडद्याखालून आत सरकवत आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून गप्पांना मोकळे होत. तिसऱ्या दिवशी भरलेली मोटार पडद्याखालून बाहेर येई. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

त्याआधी मिस्त्री खरोखरच मिस्त्री होते, हे सांगायला हवं. माणूस खोटा नव्हता. एकदा चालू लाईनवर हात पडला आणि उजव्या हाताची तीन बोटं जी आखडली ती आखडलीच. घरात दोन लेकरं, दुकानात अकरा मोटारी पडून. मिस्त्री तोंडाने सांगत गेले आणि बाई हाताने भरत गेल्या. सहा महिन्यांत सांगायची गरज संपली आणि वर्षभरात बाईच मिस्त्रींच्या चुका काढू लागल्या. पडदा तेवढा राहिला. "बाईमाणसाच्या हातात कोण मोटार देईल?" असं मिस्त्री म्हणाले होते. तेव्हा ते खरंही होतं. पुढे ते खरं राहिलं की नाही हे कोणी तपासलंच नाही. पडद्याला लोक सरावले आणि कौतुकाला मिस्त्री सरावले. बाई कशाला सरावल्या, ते त्यांना कोणी विचारलं नाही.

बाईंची खरी करामत वेगळीच होती. मोटारीच्या पाटीवर जेवढी वीज लिहिलेली असते, तेवढी वसतीत कधीच येत नसे. दुपारी बरी असे. संध्याकाळी सहा वाजले, घरोघरी दिवे, पंखे, शेगड्या लागल्या की दिवे बल्बातल्या बल्बात लाल होत. कारखान्यातून आलेली मोटार अशा विजेवर नुसती गुणगुणते, तापते आणि जळते. बाईंनी जळालेल्या मोटारी उपसून उपसूनच ओळखलं की इथल्या विजेला वेढे कमी आणि तार जाड लागते. किती कमी, किती जाड, हे पुस्तकात कुठून मिळणार? दुपारची वीज चढली तरी मोटार तापू नये आणि सहाच्या विजेलाही तिने पाणी ओढावं, याच्या मधला आकडा त्यांनी वर्षानुवर्षं चुकत चुकत गाठला. तो कागदावर लिहिण्याची सोय नव्हती, कारण हात सदा तारेवर चढवायच्या वार्निशने बरबटलेले. म्हणून त्यांनी दोऱ्याला गाठी मारल्या. मोठी गाठ म्हणजे दहा वेढे, बारीक गाठ म्हणजे एक. प्रत्येक जातीच्या मोटारीचा एक दोरा, प्रत्येक दोऱ्याला एक खिळा. पडद्यामागची भिंत अशा दोऱ्यांनी भरली होती. मिस्त्रींना त्यातला एकही वाचता येत नसे.

मग वसतीत विकास आला.

तो एकटा आला नाही, चौघांच्या खांद्यावर बसून आला. सरकारने जागा दिली आणि नळ टाकले. बाहेरच्या एका संस्थेने निधी दिला. बड्या कंपनीने नऊ नवेकोरे पंप दिले. आणि चौथे म्हणजे वसतीतले लोक. त्यांनी लोकसहभाग दिला, म्हणजे दीड महिना फुकटात चर खणले. नवा पंप बसला की त्याच्या अंगावर तिघांची चिन्हं चकाकत. चौथ्याचं चिन्ह कुणी काढलं नव्हतं, त्यामुळे ते लावायचा प्रश्नच आला नाही.

आजवर चढावर पाणी चढवणारे, बाईंच्या हातचे जुने नऊ पंप भंगाराच्या गाडीत गेले. उद्घाटनाला संस्थेच्या मॅडमनी बाईंना गर्दीतून बाहेर ओढलं, हातात भरलेली बादली दिली आणि नळाशी उभं करून फोटो काढला. महिन्याभराने योजनेच्या कार्यालयात तो फोटो माणसाएवढा मोठा होऊन लागला. खाली लिहिलं होतं, 'लाभार्थी'.

"लाभार्थी म्हणजे काय हो?" बाईंनी विचारलं.

"ज्याचा फायदा झाला तो," मिस्त्री म्हणाले.

"माझं तर काम गेलं."

"अगं, जाऊ दे ना. फोटो छान आलाय."

जाऊ दे ना हा मिस्त्रींचा आवडता मंत्र. त्या मंत्रावर बाईंनी आयुष्यात बरंच काही जाऊ दिलं होतं.

नवे पंप बंद पेटीतले होते. झाकणाच्या सांध्यावर पिवळा सील चिकटवलेला आणि त्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत: 'अनधिकृत व्यक्तीने उघडू नये. सील तुटल्यास हमी रद्द.' हमी पाच वर्षांची होती. पंप मात्र पाचव्या महिन्यापासून एकेक करून बंद पडू लागले. आधी नऊ नंबरचा बंद पडला. तो सगळ्यात वरचा, म्हणजे तो गेला की वरच्या तीनशे घरांना खालून घागरी वाहायच्या. तक्रार केली तर कंपनीचा अधिकृत माणूस यायला सहा आठवडे. तो आला, नवी मोटार बसवून गेला, ती महिन्यात जळाली. कंपनी म्हणाली, दोष विजेचा आहे. वीजवाले म्हणाले, दोष लोकांचा आहे, एकाच वेळी सगळे दिवे कशाला लावतात? संस्थेने लोकांना बोलावून 'पंपाचा सुयोग्य वापर' या विषयावर जनजागृतीचा वर्ग घेतला. ज्या पंपाला हात लावायची बंदी, त्याचा सुयोग्य वापर कसा करायचा, हे तीन तास समजावून सांगितलं. शेवटी बिस्किटं दिली. लोकांनी बिस्किटं खाल्ली आणि घागरी उचलल्या.

नऊ नंबर तिसऱ्यांदा जळाला त्या दिवशी बाई स्वतः दोन घागरी घेऊन चढ चढत होत्या. अर्ध्यावर थांबल्या. पंपघराच्या दारातून ओळखीचा वास येत होता, जळक्या वार्निशचा. बाईंनी घागरी खाली ठेवल्या आणि आत गेल्या. पंपवाला, म्हणजे पंप चालूबंद करायला नेमलेला वसतीतलाच माणूस, कपाळाला हात लावून बसला होता.

"पाना दे," बाई म्हणाल्या.

"वहिनी, सील आहे."

"मला दिसतंय. वाचता येतं मला."

"मिस्त्रींना विचारून..."

"त्यांना काय विचारायचं? मोटार कोण भरतं असं वाटतं तुला?"

पंपवाल्याने पाना दिला. ओढणीचं टोक घागरीत भिजवून बाईंनी सीलवर धरलं, कडेने नखाने सोडवला आणि फाटू न देता अख्खा उचलला. चोरी करायची नव्हती, लपवायचंही नव्हतं, म्हणून फाडायचं कारण नव्हतं. झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं आणि क्षणभर नुसत्या पाहतच राहिल्या. काय काम होतं! एकेक कॉइल मापात, एकेक टाका सारखा. बाई मनापासून म्हणाल्या, "भरणारा भारी आहे रे. पण बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नाही, मोटार कुठल्या गावाला चाललीय ते."

दोन दिवस लागले. जाड तार, कमी वेढे. "अगं, हमी जाईल!" मिस्त्री पडद्याबाहेरून म्हणत होते. "ज्या हमीवर पाणी येत नाही, ती काय उकळून प्यायची?" असं आतून उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता दिवे लाल झाले आणि नऊ नंबर चालत राहिला. बाईंनी तो पिवळा सील दुकानाच्या पत्र्याच्या दाराला आतून चिकटवला. मग चार नंबर आला, मग दोन नंबर. पावसाळा संपेपर्यंत दारावर सहा सील झाले. अख्ख्या वसतीला माहीत होतं आणि अख्खी वसती गप्प होती. तेवढा लोकसहभाग कुणी न मागता मिळाला.

वर्षअखेरीस सभा भरली. महिन्याला तीसेक येणाऱ्या तक्रारी शून्यावर आल्या होत्या. सरकारचे मोठे इंजिनियर, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते उठून म्हणाले, हे धोरणाचं यश आहे. कंपनीचा पांढऱ्या सदऱ्यातला तरुण इंजिनियर म्हणाला, हे तंत्रज्ञानाचं यश आहे. मॅडम म्हणाल्या, हे जनजागृतीचं यश आहे, आणि वर्गातल्या बिस्किटांचाही त्यांनी जाता जाता उल्लेख केला. मागच्या रांगेत बसलेल्या बाईंना हसू आवरेना. देशाचं गाडं कोण ओढतंय यावर तिघांचं भांडण होतं, आणि ओढणारे मागे सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होते. मिस्त्री त्यांना कोपराने ढोसत राहिले.

सभेनंतर यशाचा फोटो काढायला कंपनीचा तो तरुण पोरगा नऊ नंबरवर गेला आणि सील नाही हे त्याला दिसलं. त्याने सगळे पंप तपासले, सहांवर सील नव्हता, आणि सील कोणी काढले हे विचारल्यावर बाईंनी स्वतःच सांगून टाकलं.

चार दिवसांत पत्र आलं. 'अनधिकृत व्यक्तीने हस्तक्षेप केल्याचे निदर्शनास आले आहे.' सोबत एक हमीपत्र. त्यात बाईंनी लिहून द्यायचं होतं की मी पंपांचे नुकसान केले, यापुढे कोणत्याही पंपास हात लावणार नाही. सही केली नाही तर दुकानाला टाळं लागेल आणि सहाही पंपांत कंपनीच्या मोटारी पुन्हा बसतील. म्हणजे दुकानही जायचं आणि पाणीही. बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "नुकसान? चालू पंपाला हे नुकसान म्हणतात?" मिस्त्री या वेळी जाऊ दे ना म्हणाले नाहीत. 

नऊ नंबरच्या पंपघराला लागूनच योजनेचं कार्यालय होतं. ठरल्या दिवशी दुपारी चारला दोघं तिथे गेली. टेबलामागे साहेब, बाजूला कंपनीचा पोरगा, दुसऱ्या बाजूला मॅडम. साहेबांच्या मागच्या भिंतीवर बाईंचा बादलीवाला फोटो. लाभार्थी समोर, लाभार्थी मागे.

मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही सही करा, मी तुम्हाला आमच्या प्रशिक्षणात घेते. तीन दिवस. प्रमाणपत्र मिळेल."

"कशाचं प्रशिक्षण?"

"पंप हाताळणीचं."

"शिकवणार कोण?"

मॅडमनी कंपनीच्या पोराकडे पाहिलं. पोराने खिडकीबाहेर पाहिलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना हे प्रकरण मिटायला हवं होतं, आणि मिटवायची कला त्यांना येत होती. ते पुढे झुकून म्हणाले, "मिस्त्री, तुमच्याकडे वायरमनचा परवाना आहे ना?"

"आहे साहेब. मुदत संपली की नवा करून घेतो."

"मग एवढं आकाशपाताळ कशाला? तुम्ही परवानाधारक. हे पंप तुम्ही भरलेत असं लिहून द्या. काम अधिकृत माणसाने केलं, विषय संपला. दुकान राहील, पंप राहतील. यांचं नावच कुठे यायला नको." आणि त्यांनी पेन मिस्त्रींच्या पुढे ठेवलं.

 तोड खरोखर सोयीची होती, सगळ्यांच्या सोयीची. आणि मिस्त्री सही करणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. बावीस वर्षं 'बघतो मी' म्हणणारा माणूस, त्याला आणखी एकदा म्हणायला काय जड जाणार? वर पाणी वाचलं, दुकान वाचलं असंही म्हणता येणार. पाणी वाचायलाच हवं होतं. पण राग यायचा तो आलाच. पडदा आता कागदाचा होणार, त्यावर सरकारी शिक्का बसणार, आणि मग तो कधीच निघणार नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहायचं टाळलं.

मिस्त्रींनी पेन उचललं. ते आखडलेल्या बोटांत नीट धरता येईना, म्हणून त्यांनी ते टेबलावर परत ठेवलं आणि हात साहेबांपुढे धरला.

"ही बोटं बघा साहेब. या बोटांनी गेल्या बावीस वर्षांत मी एकही मोटार भरलेली नाही. ही भरते. हे सहाही पंप हिने भरलेत, त्याआधीचे जुने नऊही हिनेच भरले होते. लोकांनी मला शाबासकी दिली, मी घेत गेलो. ते चुकलंच माझं. आता सहीनिशी नाही घेणार."

 बाईंनी आता नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, लग्नात झाले होते तसे. त्यांना हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही त्यांनी गिळलं, कारण आता बोलायची पाळी त्यांची होती.

साहेबांचा पारा चढला. "मग हमीपत्रावर बाईंची सही लागेल. नाहीतर टाळं."

"सही नाही करत," बाई म्हणाल्या. "नुकसान केलं असं मी लिहून देणार नाही. पुन्हा बसवायला कंपनीने नवी मोटार आणलीय ना? सील न तोडलेली? ती आत्ता नऊ नंबरला बसवा. सहा वाजता चालू करा. तासभर चालली तर मी सही करते, दुकानाची किल्लीही तुमच्या हातात देते."

"अहो बाई, इथे काय पैज लावायला..."

"पैज नाही साहेब. तुम्ही नेहमी दुपारी येता. एकदा सहाला थांबून बघा."

कंपनीचा पोरगा म्हणाला, "थांबूया सर." त्याला खरंच बघायचं होतं. त्या पोराबद्दल बाईंना तेव्हापासून बरं वाटू लागलं.

पंपवाल्याने बाईंची मोटार उतरवली आणि नवी चढवली. बातमी चढावर पसरायला कितीसा वेळ लागतो? सहाला पंपघराबाहेर बादल्यांची रांग लागली होती.  घरोघरी दिवे लागले आणि मीटरचा काटा उतरत उतरत पाटीवरच्या आकड्याच्या कितीतरी खाली येऊन थांबला. पोराने बटण दाबलं. मोटार गुणगुणली, थरथरली, बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती चार मिनिटं कण्हत राहिली आणि तो वास आला.

"चौथ्यांदा नको," बाई म्हणाल्या. "चांगली मोटार आहे, तिचा जीव घेऊ नका."

त्यांची मोटार परत चढली. बटण दाबल्यावर तिने जरा दम घेतला आणि मग पाणी वर गेलं. बाहेर बादल्या सरकू लागल्या. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लोकांना पाणी भरायची घाई होती.

साहेबांनी हमीपत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि "तूर्तास राहू द्या" एवढंच म्हणून गाडीत बसले. मॅडमना दुसरी सभा होती. कंपनीचा पोरगा मात्र मागे रेंगाळला. हातात टॅबलेट घेऊन तो अदबीने म्हणाला, "काकू, किती वेढे भरलेत? तार कोणती? आमच्या कारखान्याला कळवतो."

बाई त्याला दुकानात घेऊन गेल्या, पडद्यामागे नेलं आणि खिळ्यावरचा एक दोरा काढून त्याच्या हातात ठेवला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला.

"हे कोणाकडून मिळालं असं लिहू? इथे रकाना आहे. कर्मचारी, अधिकृत विक्रेता, लाभार्थी, इतर." त्याने जरा विचार केला. "इतर टाकतो."

"इतर म्हणजे कोण?"

"म्हणजे... बाकीचे."

"बाकीचे! अरे, या चढावर बाकीचेच राहतात बाबा. चर खणले ते बाकीच्यांनी, घागरी वाहिल्या त्या बाकीच्यांनी, मोटार भरली ती बाकीच्यातल्या एकीने." बाईंनी दोरा त्याच्या हातातून घेऊन पुन्हा खिळ्याला अडकवला. "तुझ्या रकान्यात कारागीर हा शब्द बसला की ये. सगळे दोरे वाचायला शिकवीन. आणि तो जो भरणारा आहे ना तुमचा, हात चांगला आहे त्याचा, त्यालाही सोबत आण."

पोरगा ओशाळून हसला. जाताना त्याने दारावरचे सहा सील पाहिले, बोटाने मोजले, आणि फोटो काही काढला नाही.

दुकानाला टाळं लागलं नाही आणि बाईंना परवानाही कोणी दिला नाही. साहेबांचं तूर्तास अजून संपायचं आहे. मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी पडदा उतरवला. त्याची फडकी केली, वार्निश पुसायला. रस्त्यावरून जाणारे आत डोकावू लागले. पहिले काही दिवस बाई वेढे मोजताना चुकल्या, मग चुकेनाशा झाल्या.

महिन्याभराने पलीकडच्या टेकडीवरून दोन माणसं हातगाडी ढकलत आली. गाडीवर तसाच बंद पेटीतला पंप, तसाच पिवळा सील. घामाघूम झालेला एकजण सील दाखवत म्हणाला, "मिस्त्री, हे उघडायला अधिकृत माणूस लागतो म्हणे. तुम्हीच का?"

मिस्त्रींनी मोटार कानाशी नेली नाही, वासही घेतला नाही. स्टूल बाजूला सरकवून त्यांनी वाट करून दिली.

"अधिकृत इथे कोणी नाही," ते म्हणाले. "ठेवून जा. ही बघेल."